सर्व्हरमधली रुपी

धोंडीबाई सकाळच्या एसटीने वांगणीहून जव्हारला आली आणि वसतिगृहाच्या ऑफिसात भिंतीला टेकून बसली. तिची रुपी इथंच राहून शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली आणि चार दिवसांच्या तापात गेली. त्याला आता पंधरा दिवस झाले होते.

"पोरीचा फोटू दे भाऊ," ती कमलेशला म्हणाली. "घरात येक पन नाय. डोलं मिटलं का तिचा तोंड दिसत नाय मला. रडू पन येत नाय." पाण्याचा हंडा कुठं ठेवू, असं विचारावं तशा आवाजात तिने हे सांगितलं.

कमलेशचं डेपोजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि वसतिगृहाचं कामही तोच बघायचा. मुलींचे फोटो, दाखले, सगळं एका सर्व्हरमध्ये. आणि नेमका तोच त्याने आज बंद केला होता. जुना प्रोसेसर काढून नवा बसवायचा होता. बॅकअप घेतलेला होता, पण तोही उघडायला हाच सर्व्हर लागणार.

"बसा मावशी, दोन तासांत देतो," तो म्हणाला. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काम करताना त्याला काहीच वाटत नसे, आणि अलीकडे काम नसतानाही.

नवा प्रोसेसर सर्व्हरमधल्या मदरबोर्डाला चालतो ना, हे त्याने आधीच तपासलं होतं, बोर्डाचं सॉफ्टवेअरही नवं केलं होतं. आता त्याने वायर काढली, उरलासुरला करंट जावा म्हणून बटण दाबून धरलं, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत सैल केले. मग हीटसिंक अलगद डावी-उजवीकडे फिरवून सोडवला. खसकन ओढणारे महाभाग त्याने पाहिले होते. प्रोसेसरसकट उपटतात आणि मग नशिबाला बोल लावतात. खटका उघडून त्याने जुना प्रोसेसर कडांना धरून उचलला. खाली सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना. एक वाकली की बोर्ड भंगारात. तिथं कमलेश फुंकरही मारत नसे.

नव्याच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून त्याने तो नुसता ठेवला. आपल्या वजनानेच तो बसला. खटका लावला, हीटसिंकची जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, प्रोसेसरवर तुरीच्या डाळीएवढी नवी घातली, हीटसिंक बसवून स्क्रू आवळले.

धोंडीबाई सगळं बघत होती. चहा पुढ्यात गार झाला होता.

सर्व्हर चालू झाला. नव्या प्रोसेसरचं नाव आलं, तापमान ठीक, एकही फाईल गेलेली नव्हती. कमलेशने रुपीचं नाव टाकलं. लाल रिबिनींची, चापून तेल लावलेली मुलगी पडद्यावर आली. धोंडीबाई उठून जवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

"हीच आसंल," ती शेवटी म्हणाली. "मीच इसरली."

कमलेश प्रिंट देणार, एवढ्यात त्याची नजर बाजूच्या यादीवर गेली. रुपीच्या वरखाली आणखी अकरा मुली, आणि सगळ्यांना तोच चेहरा, त्याच लाल रिबिनी. दोन वर्षांपूर्वी नोंदणीचा शेवटचा दिवस होता. निम्म्या मुली भातलावणीला घरी, आणि फोटोशिवाय फॉर्म पुढे सरकेना. हजर असलेल्या एकीचा फोटो त्याने गैरहजर असलेल्या सगळ्यांना लावून वेळ मारून नेली होती. नंतर बदलू म्हणाला होता. कसलं नंतर!

प्रिंट दिली असती तर बाई निमूट घेऊन गेली असती. कुणाला कळणार होतं? पण त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी सणसणीत.

"नाही मावशी. ही तुमची रुपी नाही. मीच दुसऱ्या मुलीचा फोटो लावलाय. तिचा कधी काढलाच नाही."

आता ती शिव्या घालील म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. धोंडीबाईने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"मंग मी इसरली नाय," ती हळूच म्हणाली. "माझी येगली व्हती. नाक चपटा. आन हिथं चुलीचा चटका." तिने स्वतःच्या भुवईखाली बोट टेकवलं. "दिसली भाऊ. दिसली मला."

आणि ती रडायला लागली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, इतक्या मोठ्यानं की खोल्यांतल्या मुली धावत व्हरांड्यात आल्या.