एका चुलीचं विधेयक

मी एक विधेयक बोलतोय. कायदा नव्हे. कायद्याला लोक वचकून असतात, वकील त्याची कलमं पाठ करतात, कोर्टात त्याच्या नावाने भांडणं होतात. मी म्हणजे कायदा होण्याआधीची अवस्था, आणि त्याच अवस्थेत मी संपलो. व्याकरणवाले मला नपुंसकलिंगी म्हणतात. पूर्वी राग यायचा, आता वाटतं, त्यांचं काही चुकलं नाही.

माझ्या छापील प्रती पुष्कळ निघाल्या. काहींवर आमदारांनी कांदाभजी खाल्ली, हे मी स्वतः पाहिलंय. तुमच्याशी बोलतोय ती मंत्र्यांची स्वतःची प्रत. ते जिथे गेले तिथे मला घेऊन गेले, म्हणून मला चार गोष्टी ठाऊक आहेत.

माझा जन्म कशासाठी झाला, ते आधी सांगतो. नवी मुंबई वसवायची म्हणून खाडीकाठच्या गावांची शेतं आणि मिठागरं सरकारने घेतली. गावं तेवढी उरली. पुढे पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, घर पुरेना. मग लोकांनी घराच्या मागेच, जुन्या गावाच्या हद्दीबाहेर, आपापल्या खोल्या बांधल्या. कागदावर ती सगळी बांधकामं बेकायदा. भोवती टॉवर उभे राहिले आणि या घरांना पाडण्याच्या नोटिसा आल्या. ती घरं वाचवावीत, एवढ्यासाठी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली मला मंत्रालयात जन्माला घातलं.

माझे प्रभारी मंत्री हौसेराव फडतरे. विधेयकाला आईबाप नसतात, प्रभारी मंत्री असतो. त्याने हात धरून सभागृहात न्यायचं, बाजू मांडायची, मतं जमवायची, विरोधकांची समजूत काढायची. लग्नघरातल्या वधूपित्यासारखं सगळ्यांपुढे वाकायचं. हौसेराव साताऱ्याकडचे, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोकळंढाकळं. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल.

अधिकाऱ्यांनी माझा मसुदा केला तेव्हा त्यात ‘विभक्त कुटुंब’ असा शब्द होता आणि त्याचा अर्थ सांगायला अर्धं पान खर्ची घातलेलं. हौसेरावांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“हे कुणाला समजणार हाय? आमच्याकडं भाऊ वेगळं झालं की पहिली चूल वेगळी होती. चूल लिवा. गावच्या माणसाला गावचा शब्द कळतो.”

अधिकारी हसले, पण लिहिलं. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला एक घर. कायदा लागू होईल त्या दिवशी ज्याची चूल वेगळी, त्याचं घर वेगळं धरायचं. मला तो शब्द फार आवडला. माझ्या अंगावरच्या सगळ्या ‘परंतु’ आणि ‘तथापि’मध्ये तेवढाच एक ऊबदार होता.

मार्चच्या अधिवेशनात हौसेरावांनी मला सभागृहात मांडलं. अध्यक्षांनी विचारलं, बाकांवरून ‘होय, होय’ असा आवाज आला. कुणी वाचलं नव्हतं, तरी मी हरखून गेलो. त्या दिवशी मला वाटलं, आता किती वेळ लागणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मंत्र्यांच्या दालनात त्याच खाडीकाठच्या सारसोळे गावचा नामदेव तांडेल आला. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला भला मोठा जिताडा. साहेबाकडे जायचं तर खाडीचा जिताडा न्यायचा, ही तिकडची जुनी रीत. हौसेराव माळकरी, वासानेच मागे सरकले. मासा खासगी सचिवांच्या घरी गेला आणि नामदेवला खुर्ची मिळाली.

“साहेब, तुमी चांगला केलाव,” नामदेव म्हणाला. “पन तो चूल शब्द आमाना मारनार. आमी तिनी भाव लगीन झालेले. तिगांची घरां येगली, एके अंगनाला लागून. पन जेवतो आयशीचे चुलीव. ती हाय तवर चूल फोडायची नाय, आमचे घरची रीत हाय. मंग तुमचे कायद्यान आमी येकच कुटुंब. दोन घरां पडनार.”

साताऱ्याच्या शब्दाने सारसोळ्यात घोळ केला होता. हौसेरावांनी कायदा विभागाच्या अधिकाऱ्याला बोलावलं. शब्द बदलता येईल, तो म्हणाला, पण सरकारनेच दुरुस्ती आणायची तर पुन्हा मंत्रिमंडळापुढे जावं लागेल, आणि पावसाळी अधिवेशन हुकेल. शिवाय एकदा सरकार स्वतःच आपलं विधेयक दुरुस्त करतंय म्हटल्यावर विरोधक समितीची मागणी करणार.

मंत्र्याचं खरं काम या जागी असतं. भाषण कुणीही करतो. कुठला शब्द धरायचा, कुठला सोडायचा, कुणासाठी थांबायचं आणि कुणाला मागे टाकून पुढे जायचं, हे एकट्याला ठरवावं लागतं. हौसेरावांनी ठरवलं, थांबायचं नाही.

“नामदेवराव, विधेयक आहे तसं रेटतो. जुलैत पास करून देतो, माझा शब्द. तुम्ही तवर चुली वेगळ्या करा. कागदापुरत्या हो. तीन रेशनकार्डं, तीन शेगड्या. मग तिन्ही घरं वाचतात का नाही बघा.”

नामदेव मान हलवून गेला. आईला कसं सांगायचं, हे त्याला सुचेना. शेवटी ते काम त्याने हौसेरावांच्याच गळ्यात घातलं. मे महिन्यात सारसोळ्यात त्यांची सभा झाली, आणि सभेनंतर त्यांना चहाला नामदेवच्या घरी नेलं. मी सचिवांच्या बगलेत होतो.

नामदेवची आई पुतळाबाई चुलीपुढे बसलेली. घरात गॅस होता, पण म्हातारी भाकरी चुलीवरच करायची. बाजूला तिन्ही सुना. थोरली गोजरा, नामदेवची बायको, पीठ मळत होती, मधली सगुणा सुकट निवडत होती, आणि धाकटी निशिगंधा, जी वाशीच्या कॉलेजात शिकलेली, ती वाढायची ताटं पुशीत होती. तिघींचं काहीतरी हसणं चाललं होतं, मंत्री दिसताच थांबलं.

हौसेरावांनी सगळं नीट समजावलं. “आजी, दिखाव्यापुरतं करायचं. आतून तुम्ही एकच.”

“खोटी चूल कशी पेटवतान?” पुतळाबाईने विचारलं.

ती चेष्टा करत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. विस्तव एक तर असतो नाहीतर नसतो. मग ती म्हणाली, “सरकारला सांगाचा चूल येगली, तर येगलीच करू. देवासमोर खोटा कशाला?”

तिने चुलीतले निखारे तव्यावर काढले. थोडे सगुणाला दिले, थोडे निशिगंधाला. देताना म्हणाली, “आपापले घरान नेवा. आता तुमचा तुमी रांधा.” निशिगंधा रडायला लागली, तिला सगुणाने दटावलं. गोजराच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. हौसेरावांनी चहाचा कप खाली ठेवला. परतताना गाडीत खाडीपूल ओलांडल्यावर ते सचिवांना म्हणाले, “हे विधेयक पास झालंच पाहिजे.” त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मी साक्षीला आहे.

जुलै आला. हौसेरावांनी जीव तोडून तयारी केली. विरोधी नेत्यांकडे चहाला गेले, आपल्या आमदारांना चिठ्ठ्या पाठवल्या, अधिकाऱ्यांकडून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहून घेतलं. मला विचारात घेतलं जावं, असा प्रस्ताव मांडून ते बोलायला उभे राहिले आणि छान बोलले.

एक विरोधी सदस्य उठले. “मंत्रिमहोदय आता चुली मोजणार का?” सभागृह हसलं. दुसऱ्याने विचारलं, गॅसची शेगडी म्हणजे चूल का, आणि हॉटेलात जेवणाऱ्याचं कुटुंब कोणतं. पुन्हा हशा. मग सत्ताधारी बाकावरचेच एक आमदार उठले, आमच्या जिल्ह्यातल्या घरांनाही यात घाला म्हणाले. ती खरी सुरी होती, कारण ती आपल्याच बाजूने आली होती. विरोधकांनी संधी साधून विधेयक संयुक्त समितीकडे पाठवण्याची सूचना आणली. हौसेरावांनी मागे वळून पाहिलं. आपल्या बाजूचे बाक निम्मे रिकामे. प्रतोद कॅन्टीनकडे धावले, पण भजी गरम असली की माणसं लवकर उठत नाहीत.

मतदान झालं असतं तर मी तिथेच आपटलो असतो. हौसेरावांनी मला वाचवण्यासाठी स्वतःच समितीची सूचना मान्य केली. बाहेर आल्यावर म्हणाले, समितीत जाणं म्हणजे मरण नव्हे. बरोबर आहे. दवाखान्यात जाणं म्हणजेही मरण नव्हे.

समितीच्या बैठका झाल्या, काही झाल्याच नाहीत. सदस्य कमी पडायचे. डिसेंबरात लोखंडी पेटीतून मी नागपूरला गेलो. तिथे समितीला मुदतवाढ मिळाली आणि सदस्य संत्री घेऊन परतले. पुढच्या अधिवेशनात आणखी मुदतवाढ. हौसेराव दर वेळी नामदेवला फोनवर सांगायचे, “टेन्शन घेऊ नका, होतंय.” एकदा चुली पुन्हा एक कराव्यात का, असं त्याने विचारलं. “नको नको,” हौसेराव म्हणाले, “कायदा कधीही येईल.”

मग निवडणुका लवकर घ्यायचं ठरलं आणि विधानसभा बरखास्त झाली. सभागृह बरखास्त झालं की त्यातली आमच्यासारखी अडकलेली विधेयकं आपोआप मरतात. त्याला व्यपगत होणं म्हणतात. कुणी विरोधात मत दिलं नाही, कुणी मला फाडलं नाही. बरोबरच्या विधेयकांचं काय झालं, ते विचारायलाही कुणी भेटलं नाही.

हौसेराव निवडणूक हरले. ते दालन रिकामं करत होते तेव्हा नामदेव भेटायला आला. काय द्यावं ते न सुचून त्यांनी मला त्याच्या हातात ठेवलं. “माफ करा” म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात टेबल न्यायला माणसं आली.

पाडायची गाडी सारसोळ्यात आली तेव्हा नामदेव मला उंच धरून पुढे उभा राहिला. “ह्यो कायदा बगा. आमची चूल येगली हाय, येऊन बगा.”

पथकाच्या साहेबाने मला हातात घेतलं, पहिलं पान पाहिलं आणि शांतपणे परत केलं. “अहो, हा कायदा नाही. विधेयक आहे, तेही गेलेलं.” मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. दुपारपर्यंत धाकट्या दोन्ही भावांची घरं सपाट झाली. पुतळाबाईचं जुनं घर, जिथे थोरला नामदेव राहायचा, ते हद्दीच्या आत, म्हणून राहिलं.

आता सगळे त्याच घरात राहतात. मी फळीवर असतो, डाळीच्या डब्यामागे. ज्यांना वेगळं राहायचं होतं ते एका छपराखाली आले, पण चुली तीनच आहेत. तिघींच्या शेगड्या तीन कोपऱ्यांत. सुरुवातीला कुणीतरी एकत्र करू म्हणेल असं मला वाटायचं. पण वर्षभरात मिठाचे, तेलाचे, ताटातल्या माशाच्या तुकडीचे हिशेब मनात शिरलेत. आणि नामदेव सांगतो, “राहूदे येगल्या. नवीन सरकार विधेयक परत आननार हाय म्हनतान.” अजूनही तो माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलाय, याचंच मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

माझी कुणाकडे मागणी नाही. मला पुन्हा मांडा असं मी म्हणत नाही, घरं परत येणार नाहीत. मला आवाज असता तर फळीवरून एवढंच ओरडलो असतो, नामदेवा, मी येणार नाही, त्या तीन शेगड्या उचल. पण छापील अक्षराला आवाज नसतो, आणि इथे वाचायला कुणाला वेळ नाही.

आज दुपारी गोजराने विचारलं, “आये, जेवलीस?” पुतळाबाई म्हणाली, “जेवली, सगुनाकडं.” सगुणाने विचारलं तेव्हा म्हणाली, निशिगंधाकडे. निशिगंधाने विचारलं तेव्हा म्हणाली, गोजराकडे. मी सकाळपासून इथेच आहे. म्हातारी कुणाकडेही जेवलेली नाही.