कस्तुराची डुकरीण आणि धगनाथाची विभूती

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पौषात काळेवाडीत पवनेकाठी अशी रांग लागली होती, की कंपनीच्या भरतीलाही तशी कधी लागली नाही. पत्र्याच्या मांडवात धगनाथ महाराज बसलेला, पुढ्यात पांढुरक्या विभूतीचा ढीग. महाराज पळीभर तीर्थ शिंपडी, की ढीग सुस्कारे टाकी, वाफ निघे आणि बायाबापड्या लोटांगण घालत.

"भूमाता कण्हते आहे!" महाराज गरजे. "लांब बसा! पाप्याचे हात भाजतात, पुण्यवंताला ऊब मिळते!"

मी लांबच बसलो. माझी करणी मला ठाऊक होती.

शेजारच्या कस्तुराचे डोळे मात्र त्या वाफेवर खिळलेले. गेल्या थंडीत तिच्या डुकरिणीची नऊच्या नऊ पिल्लं उघड्यावर गारठून मेली होती. यंदा डुकरीण पुन्हा भरली होती, म्हणून मी तिला खोपट करून दिलं. कंपनीच्या खोक्यांच्या फळ्या, पाठ नदीच्या वाऱ्याला, दाराला गोणपाट, आत हातभर सुका पेंढा. भिंतीलगत वीतभर उंचीवर आडवा बांबू. आई धप्पकन आडवी झाली तरी पिल्लाला बांबूमागं सरकता यावं. उबेला चुलीत तापवलेल्या विटा, पोत्यात गुंडाळून.

"विटा निवत्यात, तात्या," कस्तुरा म्हणाली. "महाराजांची इभूत निवत न्हाई म्हनं."

"अगं, राखेत चुनकळी लपवलीय त्यानं! दिवाळीला भिंतींना चुना द्यायला तूच भिजवतीस न्हवं? खदखदती का न्हाई?"

"तुमचं खरं मानू व्हय? पवनेतल्या मरळीनं तुमाला गिळलं आन् रावेतला ओकलं, हे कोण सांगत व्हतं?"

शिफ्टवरून येणारा साहेबराव फिटर सायकलवरूनच ओरडला, "आन् मरळीच्या पोटात बिडी पेटवली, ते इसरलीस काय!"

सगळे हसले. मीही हसलो. थाप चांगलीच जमली होती.

एका कोंबड्याच्या बदल्यात महाराजानं कस्तुराला टोपलीभर विभूती दिली. "पेंढ्याखाली पसर. वर एक पळी तीर्थ. बाळंतपण माझी धग सांभाळेल."

तिनं विटा बाहेर काढल्या आणि विभूती पसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डुकरीण व्यायला लागली. आता विणारं जनावर काय पळीभर पाणी सांडतं? गर्भाचं पाणी पेंढ्यातून खाली झिरपलं आणि चुना उकळला. आधी धूर दिसला, मग किंकाळ्या आल्या. पिल्लं ओलीच बाहेर पडत होती नि ओल्या अंगाला चुना चिकटत होता. आम्ही फळ्या उचकटल्या. सातांतलं एकच जिवंत हाताला लागलं. आईची कास भाजून निघाली होती. दूध कुठून यायचं?

महाराज तोवर गाशा गुंडाळून पसार. "कस्तुराचंच कायतरी चुकलं असंल," लोक म्हणाले.

माझं डोकं फिरलं. वाण्याकडून चुनकळी आणली, चौकात घमेल्यात टाकली, वर राख पसरली नि तांब्याभर पाणी ओतलं. घमेलं खदखदलं, वाफ उसळली.

"बघा! ही दुकानातली चुनकळी! पाणी लागलं की तापती. ना भूमाता, ना पाप-पुण्य!"

साहेबरावानं हळूच चपला काढल्या, हात जोडले.

"तात्या, तुमच्यातबी ती धग आली की वो!"

कुणीतरी घमेल्यावर हळद टाकली.

कस्तुरा पाया पडायला आली नाही. ती खोपटापाशी ते उरलेलं पिल्लू पदरात घेऊन बसली होती, शेजारी पुन्हा तापवलेली वीट.

"तुमी सांगितलं व्हतं, तात्या," ती म्हणाली. "पर तुमीच सांगितलं व्हतं."

दिवेलागणीला तेही पिल्लू गेलं.

म्हणून सांगतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी मरळीच्या पोटातला माणूस. महाराजावरही ठेवू नका. मूठभर चुनकळी आणा, लांबून पाणी टाका, आणि सांगणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता घमेल्यात बघा. काय तापतं, कशानं तापतं, ते स्वतः ठरवा.

काळेवाडीत कुणी ऐकलं नाही. माझं घमेलं तिथं अजून शेंदूर फासून ठेवलेलं आहे. ही मात्र थाप नाही.