रस्ता मोकळा आहे, म्हणे

२०२४ साल उजाडायला आठ दिवस होते, तेव्हाची ही गोष्ट. सावद्याला आमच्या ओसरीवर बैठक बसली होती आणि विषय होता, बर्फावर घसरायला जायचं कुठे. पुण्याहून आलेला नातू स्वप्नील आणि नातसून हेमांगी यांनी तीन नावं काढली होती: औली, मनाली, गुलमर्ग. लेक प्रेमराज मध्ये बसून निवाडा करणार. मी कोपऱ्यात शेंगा सोलत होते. मला कोणी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. १९६९ साली धुळ्याच्या कॉलेजात एन.सी.सी.तून मनालीच्या शिबिरासाठी माझं नाव लागलं होतं. बर्फावर चालायचं, पायाला लाकडी पट्ट्या बांधून घसरायचं. थोरला भाऊ गिरधर म्हणाला, "बर्फात काय कांदे लावायचेत?" आणि त्याने निवडीचं पत्र चुलीत घातलं. त्याच वैशाखात लग्न लावून मला सावद्याला पाठवलं. तो जाळ मला अजून दिसतो.

"मी पण येणार," मी म्हणाले.

प्रेमराज हसला. "अक्का, अंगणात फरशी ओली असली तर तुला हात धरून न्यावं लागतं. अन् केळीची कापणी चालूय, घरी कोणीतरी नको का?"

म्हणजे तेव्हा भाऊ, आता लेक.

मग आमच्या घरची रीत झाली. उत्तरेकडचं काहीही ठरवायचं तर हारुनला विचारायचं. हारुन वीस वर्षं आमच्या केळीचा ट्रक श्रीनगरला नेतो. प्रेमराजने फोन स्पीकरवर टाकला.

"हारुनभाई, रस्ता कसा आहे?"

"एकदम मोकळा, भाऊ! रामबनला ब्रेकवर पाय ठेवला नाही. एक घड काळा पडला नाही."

"ठरलं, गुलमर्ग," प्रेमराज म्हणाला. "औली-मनालीकडे आपल्या गाड्या जात नाहीत. तिकडचं सांगणार कोण?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या घरात पन्नास वर्षं बर्फ म्हणजे काय, तर श्रीनगरच्या वाटेवर रामबनच्या घाटात अडकलेली गाडी, सडलेला माल आणि ताटावरून न जेवता उठलेले आमचे मालक. रस्ता मोकळा असला की आम्ही नारळ फोडायचो. केळीतच जन्म गेलेल्या माणसाला एवढं कळू नये? राग आला की माझ्या तोंडी माहेरची बोली येते.

"बठ्ठा येडा शेतस तुम्ही! रस्ता मोकळा शे, म्हनजे बरफ नही!"

"अक्का, रुसू नका ना," हेमांगी म्हणाली. "तुमच्यासाठी अक्रोड आणू."

अक्रोड!

जानेवारीत तिघं गेले. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मागे सगळं वाळकं गवत. स्वप्नील भाड्याच्या पट्ट्या खांद्यावर टाकून उभा आणि प्रेमराज माकडटोपी घालून घोड्यावर. "अक्का, इथं तर आपल्यासारखीच माती," म्हणे. मी फोन ठेवून दिला.

मग मीच हारुनला फोन लावला. "गाडी अडकेल त्या दिवशी आधी मला सांगायचं. प्रेमराजला नंतर."

"अक्का, माझी गाडी अडकायची वाट पाहणार तुम्ही?"

"हो. पाहणार."

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "मुबारक हो, अक्का. तीन दिवसांपासून अडकलोय, रेंज आजच मिळाली."

त्याच्याजवळ खायला-प्यायला आहे ना, एवढं विचारलं आणि हेमांगीला फोन केला. "तू येतेस, की मी एकटी जाऊ?" रस्ता उघडल्याची खबर आली तशा आम्ही दोघी भुसावळहून जम्मूच्या गाडीत बसलो. प्रेमराजला थेट भोपाळहून कळवलं, म्हणजे परत बोलवायला नको.

गुलमर्गला त्र्याहत्तराव्या वर्षी मी पायाला पट्ट्या बांधल्या. शिकवणाऱ्या पोराने हात सोडला. पंधरा हात घसरले, मग बसकण मारली. कोणाच्या हाताला धरून उठले नाही.

त्या खेपेचा अर्धा माल सडला. प्रेमराज महिनाभर माझ्याशी बोलला नाही, जणू बर्फ मीच पाडला. आता तो बोलतो, पण रस्त्याचं नाव काढत नाही. हारुनने गाडी पुतण्याला, हसीबला दिली आणि सावद्यातच चहाची टपरी टाकली. स्वप्नीलची हौस त्या वाळक्या गवतावरच फिटली. हेमांगी मात्र दर फेब्रुवारीला जाते, आणि तारीख मला विचारते.

गिरधरभाऊ २०११ सालीच गेला. माझा बर्फातला फोटो त्याच्या तसबिरीसमोर ठेवला आहे. घे म्हणावं, लाव कांदे.