काजलचा तारा

काजलनं लॅपटॉप वांग्यांच्या कॅरेटवर टेकवला आणि पडदा गुंजनकडे वळवला.

"ताई, पाह्य. हा मागच्या सालचा, तुहा. न हा आताचा, माहा."

एकाखाली एक, एकाच ताऱ्याचे दोन वर्णपट होते. वरच्यात हायड्रोजनच्या रेषा उंच उभ्या होत्या. खालच्यात त्या खचल्या होत्या आणि त्यांच्या आसपास लोखंडाच्या बारीक रेषा उगवल्या होत्या. तारा फुगला होता, वरून थंडावला होता.

कोणता तारा, हे गुंजनला सांगावं लागलं नाही. दूरच्या एका बटू दीर्घिकेतला, जिथं जड मूलद्रव्यं नावालाच आहेत. तिथं असे भलेमोठे, अस्थिर तारे कसे वागतात हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पीएचडीची सगळी वर्षं तिनं त्याच्यावर घातली. तो हलला नाही. शेवटी ती वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागली, आणि तारा नुकत्याच संशोधनाला लागलेल्या चुलतबहिणीला, काजलला, देऊन टाकला. काजलच्या पहिल्याच निरीक्षणात तो बदलला.

"छान," गुंजन म्हणाली, आणि कॅरेटमधलं एक किडकं वांगं शोधून बाजूला फेकलं.

काजल आंघोळीला गेली. तिचे वडील रूपराव तेवढ्याचीच वाट पाहत असावेत. ते गुंजनजवळ येऊन उकिडवे बसले.

"बेटा, जर्मनीवाले या ताऱ्यासाठी इले बलावून राह्यले. इकडं अल्लीपूरचं स्थळ जवाब मागते. मले यातलं काई समजत नाई. तू सांग, खरंच मोठं काम हाय, का तुक्का लागला?"

वांग्याच्या देठाचा काटा गुंजनच्या बोटात रुतला. ती ते बोट चोळत राहिली.

"नशीब हाय, काकाजी." हे खोटं नव्हतं. "तोच तारा मी इतके वर्ष पाह्यला. मले काईच नाई भेटलं. इनं एकडाव पाह्यलं, न भेटलं."

रूपरावांनी मान वर केली.

"तुले नाई भेटलं?"

"नाई."

"घरातली सगळ्यात हुशार पोरगी तू. तुले नाई भेटलं, ते आमच्या काजलले भेटलं?"

गुंजननं काही बोलायला तोंड उघडलं. रूपराव उठलेसुद्धा होते. कुंपणापाशी उभे राहून ते फोनवर मोठ्यानं अल्लीपूरवाल्यांना सांगू लागले, पोरगी जर्मनीले चालली, आमच्यासाठी थांबू नका.

ओल्या केसांनीच काजल धावत बाहेर आली.

"ताई! बाबाले काय सांगतलं तुनं?"

"जे झालं ते."

काजलनं तिला घट्ट मिठी मारली. गुंजननं आपले मातीचे हात तिच्या पाठीपासून दूर, हवेतच धरले.

"सोड, कपडे भरतीन तुहे," ती म्हणाली.

काजलनं सोडलं नाही.