तानाबाई प्रार्थना शिकली

"पेटीला कुलूप कुनी लावलं रं, सिद्धा?"

सकाळी आठला लाईट आली तशी तानाबाई मेंढरं घेऊन विहिरीवर गेली होती. हौद कोरडा ठणठणीत. मोटारीच्या पेटीला नवंकोरं कुलूप लटकत होतं, आणि तिचा धाकटा दीर सिद्धाप्पा बांधावर बसून काडीनं दात कोरत होता.

"मी लावलंय."

"का म्हून?"

"बिरोबाला सोडून येशूच्या मागं गेलीस न्हवं? त्येलाच माग की पानी."

वैशाखाचं ऊन त्या वेळेलाच पाठ भाजत होतं. चाळीस मेंढरं रिकाम्या हौदात तोंडं घालून उभी.

"विहीर दोगांची हाय," तानाबाई म्हणाली. "मीटर तुज्या भावाच्या नावावर हाय. हितला दगूड मी डोस्क्यावरनं व्हायलाय, पोटुशी असताना."

"भाऊ गेला. आता घरात थोरला मी."

तानाबाईनं काठी उचलली आणि मेंढरं तलावाकडं वळवली. तलाव तीन किलोमीटर लांब, त्यातही गुडघाभर चिखलपाणी. वाटेत एक कोकरू बसलं ते उठेना. ते तिनं खांद्यावर घेतलं. आमी सगळ्यांनी बघितलं. कुणी काही बोललं नाही, हेही खरं.

तिचं हे येशूचं कसं सुरू झालं, ते सांगतो. मागच्या साली तिचा नवरा भीमा सोलापूरच्या एका दवाखान्यात एकोणीस दिवस पडून होता. तिथं झाडलोट करायला गौरम्मा नावाची म्हातारी होती, अक्कलकोटची. ती दुपारी भीमाच्या कोरड्या ओठांवर ओला बोळा फिरवायची आणि तोंडातल्या तोंडात बोलायची, अर्धं कानडी, अर्धं मराठी.

"कुनासंगं बोलतीस गं?" तानाबाईनं विचारलं.

"माज्या देवासंगं."

"मग ह्यो बरा हुनार?"

"ते मला ठावं न्हाय, आक्का. पर ह्यो एकटा न्हाय, येवडं ठावं हाय."

भीमा गेला. पण तानाबाईच्या मनातून ते बोलणं जाईना. डॉक्टरनं, भगतानं, पाव्हण्यारावळ्यांनी, सगळ्यांनी तिला काही ना काही कबूल केलं होतं. कबूल न करता जवळ बसली ती एकटी गौरम्मा. म्हणून दिवसपाणी उरकल्यावर ती वडापच्या जीपनं अक्कलकोटला गेली, म्हातारीचं घर शोधलं, आणि मग दर ऐतवारी जाऊ लागली. पुढच्या खोलीत आठ-दहा माणसं सतरंजीवर बसायची.

प्रार्थना मात्र तिला येईना. तिथले पाळक लई शुद्ध बोलायचे. त्यांच्यामागं म्हणताना तिची जीभ अडखळायची आणि कानशिलं तापायची. नवस बोलणं तिला येत होतं. हे कर, मी ते देईन. इथं द्यायचं काय, तेच तिला कळत नव्हतं.

कुलूप लागल्यानंतरच्या ऐतवारी ती सगळे गेल्यावर मागं थांबली.

"मला शिकीव. माजी मेंढरं तान्हेली हायत आनि मला धड मागता बी येत न्हाय."

गौरम्मा शेंगा सोलत होती. "तुजा बाप हुता का न्हाय?"

"हुता की."

"त्येच्यापाशी कशी बोलायचीस?"

"भांडायची. रडायची. कवा कवा नुसती बसायची."

"मग तसंच. अप्पा म्हन, बा म्हन. त्येला समदी भाषा कळती."

मग म्हातारीनं तिला येशूनं शिकवलेली प्रार्थना सोप्या बोलीत एकेक तुकडा करून सांगितली. भाकरीचं मागणं तानाबाईला लगेच पटलं. पण पुढं क्षमेचं आलं, दुसऱ्यानं आपलं वाईट केलं ते आपण सोडून द्यायचं, तिथं ती थांबली.

"ह्ये मी न्हाय म्हननार. सिद्धानं माज्या हातचं खाल्लंय ल्हानपनी. त्येनं पानी तोडलं. मी खोटं बोलू व्हय देवापुढं?"

गौरम्मा हसली. "मग खरं बोल. जमत न्हाय म्हनून त्येलाच सांग. ती बी प्रार्थनाच हाय."

दोन दिवसांनी भावकी बसली, बिरोबाच्या देवळापुढच्या लिंबाखाली. गावातले जाणते म्हणून सिद्धलिंगप्पांना मधे घातलं होतं. भल्या मनाचा माणूस, पण भांडण मिटवायची लई घाई. त्यांनी भंडाऱ्याची वाटी पुढं केली.

"तानाबाई, येवडा कपाळाला लाव. तिकडं जानार न्हाय म्हन. आत्ताच्या आत्ता सिद्धाकडनं किल्ली घेऊन तुज्या हातात देतो."

"भंडाऱ्याचा मला राग न्हाय, मालक. जलमभर लावलाय. पर पान्यासाटी लावनार न्हाय. पानी माजंच हाय."

सिद्धाप्पा ओरडला, "मग मंत्र म्हन की तुजा! आमाला बी ऐकू दे काय शिकवलंय ते!"

काही पोरं हसली. तानाबाई उठली. आमाला वाटलं, चालली घरी. पण ती मधोमध येऊन उभी राहिली, पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटले आणि आपल्या रोजच्या चढ्या आवाजात बोलू लागली.

"बा, मी ताना. ह्ये लोक म्हनत्यात बोलून दाव, म्हनून बोलते. सिद्धाचा मला लई राग हाय. त्येला माफ कर म्हनतोस, मला जमना. तूच कायतरी कर माज्या काळजाचं. त्येच्या रानात बी पाऊस पाड, त्येची लेकरं माजीच हायत. पर उद्या लाईट आली की मी पेटीचं कुलूप फोडनार हाय. चोरून न्हाय, समद्यांदेखत. माज्यासंगं उबा ऱ्हा. आमेन."

सिद्धाप्पा जमिनीकडं बघत राहिला. सिद्धलिंगप्पांनी वाटीवर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा गाव बांधावर. तानाबाई पहार घेऊन आली. पहिल्या घावाला कुलूप वाकलं, तिसऱ्याला तुटलं. तिनं बटण दाबलं. पाईप दोनदा ढेकर दिल्यासारखा वाजला आणि भसाभसा पाणी हौदात पडू लागलं. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढून प्यायला लागली.

सिद्धाप्पा काठी घेऊन धावत आला. तानाबाई हौदापुढनं हलली नाही. पहार तिनं खाली टाकली.

"मारायचं तर मार. उद्या परत कुलूप लाव, मी परत फोडीन. तू दमशील, मी न्हाय."

तेवढ्यात सिद्धाप्पाची बायको मथुराबाई आपली शेरडं घेऊन मागनं आली. नवऱ्याकडं न बघता तिनं ती हौदाला लावली आणि म्हणाली, "आक्का, वाईच सरका. आमची बी तान्हेली हायत."

सिद्धाप्पानं काठी बांधावर आपटली आणि गेला. त्यानं परत कुलूप लावलं नाही. बोललाही नाही, अजून बोलत नाही.

आधी तानाबाई अक्कलकोटला जायची ती मागच्या ओढ्यानं, कुणाला दिसू नये म्हणून. आता भर अकराच्या उन्हात, धुतलेलं लुगडं नेसून, चावडीवरनं जाते. परवा सिद्धलिंगप्पांनी विचारलं, "कुटं निगालीस, ताना?"

"प्रार्थनेला," ती म्हणाली, आणि चालता चालता थांबलीसुद्धा नाही.