जागेवरून न उठता

घरात तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. सासूबाईंनीच पाडलेलं नाव, आणि त्यात काही खोटं नव्हतं. बाई दोन घास खायला बसली तरी चारदा उठणार. कुणाला ठसका लागला की पाणी आणायला, कुणी नुसतं इकडेतिकडे पाहिलं की मीठ आणायला. अशा बाईनं पन्नाशीला टेकल्यावर बीएला नाव घातलं. वर्षं निघाली, आणि शेवटच्या वर्षी इतिहासात गचकली. अभ्यास झाला नव्हता म्हणाल तर तसं मुळीच नाही. अर्ध्या पेपरात तिला वाटलं, दूध गॅसवर राहिलं. दिली उत्तरपत्रिका आणि सुटली घराकडे. दूध फ्रिजमध्ये गार पडलेलं.

आता ही शेवटची संधी होती. हा पेपर गेला की पदवी गेली.

सासूबाईंनी मग तिला बसवायचं मनावरच घेतलं. रोज दुपारी सुनेला खोलीत घालायचं आणि दाराशी स्वतः खुर्ची टाकायची.

"अगं, माझा टॉवेल..." म्हणत नवरा आला.

"दोरीवर असेल. बघ की, डोळे आहेत ना?" सासूबाई म्हणाल्या.

टॉवेल कपाटात होता. आत भिंगरीचा जीव नुसता खालीवर होत होता.

परीक्षेच्या दिवशी पहिला तास बरा गेला. मग बाहेरचा नळ कुणीतरी अर्धवट बंद करून गेलं. टप टप टप. वर्गभर माना खाली, एकाला म्हणून ऐकू येईना. एका मिनिटाचं काम, पण ती स्वतःला पुरती ओळखून होती. एकदा उठली की घरीच पोचायची. तिनं बाकाच्या दांडीत पाय अडकवले आणि लिहीत राहिली. मग तिला राग आला. इतकी वर्षं प्रत्येक वेळी मीच का उठले? बाकीच्यांना कान नव्हते? त्या रागात हात असा चालला की पुरवणी मागावी लागली. पर्यवेक्षक बाईंनी ती जागेवर आणून दिली. काही मागितलं आणि कुणी हातात आणून दिलं, असं शेवटचं कधी झालं होतं ते तिला आठवेना.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला.

"मावशी, उठा आता," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

तिनं उठायला पाहिलं. दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. ती परत खाली टेकली आणि हसायलाच लागली.

"उठते हो," ती म्हणाली. "जरा बसू द्या."