माणशी दोन घागरी, गाडीला चार

शुक्रवारी सरजाबाईंचं डायलिसिस चुकलं. पण असं दारातच सांगणं बरं दिसत नाही, तेव्हा ते चुकलंच नाही असं धरून चालू. घरातले तिघंही तसंच धरून चालले होते, निदान शुक्रवारी दुपारपर्यंत.

चारठाण्याहून परभणी पासष्ट किलोमीटर, मंगळवारी आणि शुक्रवारी, अकराच्या ठोक्याला. एसटीचे धक्के आईला सोसेनात आणि लग्नसराईत भाड्याची जीप मिळेना, म्हणून चंद्रभाननं जुनी का होईना, गाडी घ्यायचं ठरवलं. तो जिंतूरच्या एका शाळेत क्लार्क. शिकलेला माणूस, म्हणून आधी गाडी समजून घ्यायचं ठरवलं. महिनाभरात एकशे चौदा व्हिडिओ पाहिले. बायको सुकेशनी भाकरी थापत असली की हा तिला बॅटरीचं आयुर्मान सांगायचा. एकदा तिनं भाकरी करपवली, ती मुद्दाम, असं त्याचं मत होतं.

"हायब्रीड म्हणजे पेट्रोलवर चालती," तो एकदा आईला समजावत होता. "ब्रेक दाबला की आपली आपण बॅटरी भरून घेती. प्लगचं कामच न्हाई."

"दरसाल नवी घ्यावी लागंल," सरजाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं लोकांच्या रानात सरकी टोबलेली बाई. "हायब्रीडचं बी धरता येत न्हाई, भाना. सरळ वाणाची घे."

चंद्रभान पोट धरून हसला आणि सरळ वाणाची घेऊन आला. नुसती इलेक्ट्रिक. गाडी विकणाऱ्या जिंतूरच्या किशनरावांनी चावी देताना दोनदा विचारलं, "घरी लाइट हाय ना?" लाइट होती. जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटर, फुल चार्जला गाडी चालते एकशे सत्तर. हिशेब बरोबर होता. आजही बरोबर आहे.

घरी चार्जर लावला तर लाल दिवा.

बालाजी वायरमन आला, स्क्रूड्रायव्हर लावून बघितला आणि माणूस गेल्यासारखं तोंड करून म्हणाला, "भाऊ, अर्थिंग न्हाई तुमची."

"फ्रीज चालतो की!"

"फ्रीज गरीब हाय, तो काय बोलत न्हाई. ही गाडी शिकलेली. अर्थिंग बघितल्याशिवाय तोंड उघडत न्हाई."

मग अंगणात खड्डा खणला. तीन फुटांवर काळा पाषाण लागला. आत पट्टी गाडली, मीठ-कोळसा भरला, वर दोन घागरी पाणी ओतलं. दिवा हिरवा झाला. सुकेशनीनं टाळ्या वाजवल्या. सकाळी पुन्हा लाल. पाणी उडालं होतं.

"ओल टिकली तर अर्थिंग," बालाजी म्हणाला. "रोज दोन घागरी. मे महिन्यात चार."

"हिला डिझेल लागत न्हाई म्हणून घेतली ना मी!"

"डिझेल न्हाईच लागत," बालाजी म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

एकशे चौदा व्हिडिओंत एकही माणूस खड्ड्यात पाणी ओतताना दिसला नव्हता.

गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येई. मध्ये रोज टँकर, माणशी दोन घागरी. तिघांच्या सहा, त्यातल्या चार खड्ड्याला. उरलेल्या दोनमध्ये तीन माणसं रोज अंग पुसायची, त्याला ती आंघोळ म्हणायची. शेजारी आधी हौसेनं कळशी देत, मग दार लोटून घेऊ लागले. "पाव्हणे आले का?" असं विचारायचे. गाडी आली असं सांगितलं की हसायचे.

खड्ड्याला पाणी घालायचं काम सरजाबाईंनी मागून घेतलं. बसल्या जागी होतं, म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला एक लिटर नेमून दिलं होतं, चहा-वरण धरून. त्या ओठांवरून ओला रुमाल फिरवत आणि तांब्या-तांब्यानं चार घागरी जमिनीत जिरताना बघत.

"लय पिती रे तुझी गाडी," एकदा म्हणाल्या. "तिला कुणी बोलत न्हाई."

चंद्रभान शाळेत जाऊन वीस मिनिटं बाथरूममध्ये उभा राहिला. तिथं नळाला पाणी होतं, पण बाटलीभरही घरी न्यायला बंदी होती.

बुधवारी टँकर आला नाही. गुरुवारी आला तो अर्धा. चंद्रभान ग्रामसेवकाकडे धावला. जनावर असेल तर एक घागर जास्त मिळते, असं त्याला कळलं होतं.

"काय हाय, म्हैस?"

"गाडी."

ग्रामसेवकानं रजिस्टर उघडून खरोखर शोधलं. "बैल, गाय, म्हैस, शेळी. गाडी बसत न्हाई, भाऊ. शेळी लिहू का?"

"लिहा."

"मग दाखवावी लागंल."

शुक्रवारी सकाळी गाडीत एकोणतीस टक्के आणि खड्डा ठणठणीत. तिघांनी तोंड धुतलेलं पाणी ओतलं. दिवा क्षणभर हिरवा झाला, चंद्रभाननं तोवर कधी न केलेला नवस बोलून टाकला, आणि दिवा लाल झाला. शेवटी एसटी. सुजलेल्या पायांनी सरजाबाई पायरीवर दोनदा बसल्या. परभणीला पोचले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती, त्यांच्या बेडवर दुसरे गृहस्थ निजले होते आणि मशीन त्यांचं रक्त फिरवत होतं.

"उद्या सकाळी सातला आणा," नर्स म्हणाली. "त्याच्या पुढं थांबू नका. छातीत पाणी व्हायलंय. आज घोटभर सुद्धा देऊ नका."

पहिली एसटी साडेआठला पोचते. जिपा लग्नात. नळ रविवारी.

परतीच्या बसमध्ये सरजाबाई मुलाच्या खांद्यावर डोकं टेकून धापा टाकत होत्या. "सात वाजता म्हणली का ती?" त्यांनी विचारलं. चंद्रभान हो म्हणाला, शाळेच्या वहीतलं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवलं आणि क्लार्कच्या वळणदार अक्षरात लिहायला घेतलं:

प्रति, मा. तहसीलदार साहेब, जिंतूर.

विषय : न प्यालेले पाणी वर्ग करणेबाबत.

महोदय, वरील विषयी सविनय अर्ज करतो की, माझ्या मातोश्री सरजाबाई या वैद्यकीय आदेशान्वये गेले चौदा महिने स्वतःच्या वाट्याचे पाणी पीत नाहीत. रोजी अंदाजे दोन लिटरप्रमाणे हे पाणी शासनाकडे शिल्लक आहे. तरी सदर पाणी मागील बाकीसह आमच्या अंगणातील खड्ड्याच्या नावे वर्ग करून आज सायंकाळी सहापूर्वी जागेवर पोच करण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.